घंटी वाजली की डोळे मिटायचे

मास्तरांच्या घरात कडक नियम असा एकच होता. चपला कुठेही काढा, जेवायला कधीही या, कुणी काही बोलणार नाही. पण संध्याकाळी टीव्हीवर ‘कोण बरं?’ लागलं आणि त्यातली पितळी घंटी वाजली, की घरातल्या प्रत्येकानं डोळे मिटायचे. दुसरी घंटी होईपर्यंत उघडायचे नाहीत.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. खाली दुकान, वर घर. घरात मास्तर, त्यांची बायको म्हणजे सुनेच्या सासूबाई, मुलगा आणि सून. मुलाला शिवणकामाचा कंटाळा, म्हणून तो पाणीपुरवठा कार्यालयात चिकटला होता. सून मात्र दुकानात बसायची. काजं, तुरपाई, अस्तर लावणं ही कामं तिची. कापायची कात्री फक्त मास्तरांची.

‘कोण बरं?’ हा कार्यक्रम मास्तरांच्या तरुणपणातला, रंग नसलेल्या काळातला. एका टेबलामागे चार जाणती माणसं बसलेली. एक टकले वकील, एक मोत्यांची माळ घातलेली नटी, एक वर्तमानपत्रात विनोदी लिहिणारा, आणि एक गणिताच्या बाई, ज्या हसल्याचं कुणालाही आठवत नाही. समोर एक अनोळखी पाहुणा येऊन बसायचा. घंटी वाजली की त्याचा धंदा पडद्यावर ठळक अक्षरांत यायचा, तो फक्त घरी बघणाऱ्यांसाठी. दुसऱ्या घंटीला अक्षरं जायची आणि चौघांचे प्रश्न सुरू व्हायचे. उत्तर फक्त हो किंवा नाही. दहा वेळा ‘नाही’ आलं की पाहुणा जिंकला. बक्षीस काय, तर तशीच एक छोटीशी घंटी.

यात बघण्यासारखं एवढं काय आहे, असं नाक मुरडून विचारणारे पुष्कळ भेटतात. गंमत म्हणजे तेही बघतात. वाहिनीवाले मधूनमधून हे जुने भाग दाखवणं बंद करतात आणि लोकांच्या शिव्या खाऊन मुकाट्यानं पुन्हा सुरू करतात. टेबलामागच्या चौघांपैकी आज कुणी हयात नाही, तरी शेजारचा सायकलवाला दुकानाची फळी लावता लावता विचारतो, “काय मास्तर, आज टकल्याला जमलं का?” मला विचाराल तर कारण साधं आहे. त्या अर्ध्या तासात चार शहाणी माणसं एका साध्या माणसाकडे नीट बघतात. त्याचे हात बघतात, बसणं बघतात, तो काय बोलतो ते शेवटपर्यंत ऐकून घेतात. तुमच्याआमच्याकडे असं कोण बघतं?

बाकीचं जग पडद्यावरचा धंदा आधी वाचायचं आणि मग चौघांची तारांबळ बघत हसायचं. मास्तरांना ते मान्य नव्हतं. उत्तर बघून मग गणित सोडवण्यात कसला आलाय पुरुषार्थ, असं त्यांचं म्हणणं. म्हणून डोळे मिटायचे आणि चौघांच्या बरोबरीनं ओळखायचं. नियम मोडतो की काय हे कुणी तपासायचं नाही. तपासणार कसं, सगळ्यांचेच डोळे मिटलेले. सासूबाई दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून धरायच्या आणि दुसरी घंटी होताच पाहुणा कुणीही असो, जाहीर करायच्या, “डॉक्टर!” कधीतरी खरंच डॉक्टर निघायचा, आणि मग आठवडाभर त्यांच्याशी बोलायची सोय नसायची. मुलगा नियम सर्वांत मनापासून पाळायचा, कारण पहिल्या घंटीच्या आधीच त्याला डुलकी लागलेली असायची.

मास्तरांसाठी मात्र हा खेळ नव्हता, तालीम होती. गिऱ्हाइकाला त्याचा धंदा विचारायचा नाही, अशी त्यांच्या दुकानाची रीत होती. माप टेपनं घ्यायचं, पण कोट नजरेनं कापायचा. “धंदा खांद्यात उतरतो,” ते म्हणायचे. “टेपला छाती कळते, माणूस कळत नाही.” गाडी चालवणाऱ्याचे हात पुढे असतात, त्याची बाही बोटभर लांब ठेवायची. दिवसभर टेबलावर वाकणाऱ्याला पाठ रुंद द्यायची. आणि कोट तयार झाला की तो गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवता चढवता हळूच म्हणायचं, “गाडी चालवता ना?” गिऱ्हाइकानं आ वासला की मास्तर खूष. त्या दिवशी रात्रीची भाकरी त्यांना जास्त गोड लागायची.

सुनेला यातलं काही जमत नव्हतं. या घरात आल्यापासून ती रोज डोळे मिटायची, रोज उघडायची, आणि तिच्या मते समोरचा पाहुणा काहीही असू शकायचा. मास्तर तिला कधी रागावले नव्हते. शाबासकीही कधी दिली नव्हती. तुरपाई सरळ आली तर त्यात सांगायचं काय, तुरपाई सरळच यायची असते.

एका संध्याकाळी ती टीव्हीसमोर बसून काजं करत होती. घंटी झाली, तिनं डोळे मिटले, पण हात थांबायला जरा उशीर झाला. सुई बोटात घुसली. कुणीही उघडेल तसे तिनं डोळे उघडले, रक्त आलंय का बघितलं, आणि मान वर केली तर समोर अक्षरं होती. ‘मधमाश्या पाळणारा.’ तिनं लगेच डोळे मिटून घेतले. इथपर्यंत तिची काही चूक नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

चूक पुढे झाली. वकील चाचपडत होते, नटी भलत्याच रस्त्याला लागली होती, मास्तर भुवया आवळून बसले होते. सुनेच्या तोंडून निघून गेलं, “मधमाश्याबिधमाश्या पाळत असेल हा.”

थोड्या वेळानं पाहुण्यानं तेच सांगितलं. मास्तर खुर्चीतच वळले.

“कशावरून गं?”

आता सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं होतं. पण मास्तर तिच्याकडे बघत होते. काजाकडे नाही, तुरपाईकडे नाही, तिच्याकडे. ती म्हणाली, “हात किती सावकाश हलवतो बघा ना. घाईनं हलवला तर काहीतरी डसेल, असा.”

“शाबास!” मास्तर म्हणाले. नंतर जेवताना पुन्हा म्हणाले, “हात सावकाश! मला नाही दिसलं. शाबास.”

एकदा चटक लागली की माणूस स्वतःला काय वाटेल ते समजावतो. सुनेनं स्वतःला समजावलं की रोज नाही, अधूनमधून. मग अधूनमधूनचं रोज झालं. घंटी झाली की ती तळवे डोळ्यांवर ठेवायची आणि बोटांची फट सोडायची. तीही लबाड, एकदम उत्तर द्यायची नाही. आधी एखादा खोटा अंदाज, मग थोडी जवळची वाट, मग नेमकं. आणि कारणं? कारणं तर ती अशी सुरेख द्यायची, की पडद्यावरच्या गणिताच्या बाईंनीसुद्धा मान डोलवावी. काचेचे डोळे बनवणारी एक बाई आली होती. मास्तर म्हणाले, सुईण. सून म्हणाली, “नाही बाबा, ती प्रत्येकाच्या एकाच डोळ्याकडे बघते.” मास्तरांनी कपाळावर हात मारला आणि सुनेकडे असं कौतुकानं बघितलं, की तिनं मान खाली घालून सुईत दोरा ओवायला घेतला. तरी दुसऱ्या दिवशी फट सोडलीच.

रात्री अंथरुणावर पडलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कुणाला फसवतोय आपण? जो माणूस आपल्याला कधी उणा शब्द बोलला नाही, त्याला. आणि कशासाठी, तर एका शाबासकीसाठी.

इकडे मास्तर बदलत चालले. आधी ते हिरिरीनं चुकले, मग बिचकत चुकले, मग त्यांनी अंदाज सांगायचंच सोडलं. “तू सांग,” म्हणायचे. खाली दुकानात त्यांनी एका कापडावर खडूची रेघ मारली, पुसली, पुन्हा मारली. कात्री उचलून खाली ठेवली. त्यांनी कात्री उचलून खाली ठेवलेली सुनेनं आजवर पाहिली नव्हती. आणि मग एका सकाळी चहा पिताना ते मुलाला म्हणाले, “या हंगामानंतर मी कापणं बंद करणार. नजर गेली माझी. कात्री सूनबाईच्या हातात देतो.”

मुलगा म्हणाला, “द्या की. आराम करा.” त्याला काय, त्याला आरामाशिवाय दुसरं सुख माहीत नव्हतं.

सुनेनं हातातला चहा खाली ठेवला. मास्तरांची कात्री म्हणजे मास्तरच होते. ती काढून घेतली तर उरलेला माणूस खुर्चीत बसून भिंतीकडे बघत संपून जाईल, हे तिला स्वच्छ दिसलं. आणि हे आपल्या बोटांच्या फटीनं केलं.

त्या संध्याकाळी तिनं डोळे इतके घट्ट मिटले की दुखायला लागले. पाहुणा आला तो तिला शिंपी वाटला, सुतार वाटला, काहीच वाटला नाही. “टपालवाला,” ती म्हणाली. निघाला दगड फोडणारा. दुसऱ्या दिवशीही चुकली. तिसऱ्या दिवशी तर सासूबाईंचा डॉक्टर बरोबर आला आणि तिचं पुन्हा चुकलं.

मास्तरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, “मुद्दाम हरतेस.”

“नाही बाबा.”

“लहान पोराला जिंकू देतात तसं मला देऊ नकोस. मला कळतं.”

“बाबा, मी आधी बघत होते!” तिला रडू फुटलं. “घंटी झाली की बोटांमधून बघत होते. मला काही ओळखता येत नाही. एकदाही नाही आलं. सगळं पडद्यावरचं वाचून सांगितलं.”

मुलगासुद्धा जागा झाला. आणि मास्तर हसले. किती मायेनं हसले म्हणून सांगू. “ऐकलंस का गं,” ते सासूबाईंना म्हणाले, “माझं मन राखायला पोर स्वतःच्या माथी चोरी घेतेय. मधमाश्यावाल्याचे हात काय पडद्यावर लिहिले होते? एकाच डोळ्याकडे बघते, हे काय लिहिलं होतं?”

“मनाची मोठी आहे,” सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

सून तोंडावर हात दाबून स्वयंपाकघरात गेली. सांगायला धीर होत नव्हता तोवर निदान एवढी तरी आशा होती, की सांगितलं की सुटू. आता सांगून झालं होतं, आणि वर तिचं कौतुक झालं होतं.

पुढच्या आठवड्यात दुकानात एक गिऱ्हाईक आलं. मध्यम वयाचा, किडकिडीत, मऊ बोलणारा माणूस. काळा कोट हवा होता, शनिवारी एका समारंभात घालायला. बाजारचे कोट आपल्याला कधी बसत नाहीत, म्हणाला. मास्तरांनी मापं घेतली. मग रीतीप्रमाणे दोन पावलं मागे सरकून बघत राहिले.

“हा हात...” ते पुटपुटले. “कोपर बरगडीला टेकत नाही...” आणि एकदम थांबले. सुनेला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “तू सांग. काय करतो?”

“मला नाही कळत, बाबा. खरंच नाही.”

“मग राहू दे. त्याला परत पाठवतो. माझ्या नजरेवर मी आता कापड कापणार नाही.”

ते खरंच गिऱ्हाइकाकडे वळले. सुनेनं घाईघाईनं त्या माणसाकडे बघितलं. खिशातून पेन्सिलीचं टोक डोकावत होतं. मान किंचित पुढे. वाकून लिहिणारा माणूस, दुसरं काय? आणि खरं सांगायचं तर एक विचार तिच्या मनात चोरपावलांनी शिरला होता. इतके दिवस खोटी कारणं देता देता कोण जाणे, खरी नजर आलीही असेल.

“बसून लिहिणारा आहे,” ती म्हणाली. “हिशेबाचं काम.”

“पेन्सिल मीही पाहिली,” मास्तर अडखळले, “पण ते कोपर...” मग त्यांनी मान हलवली. “नाही. तू म्हणतेस तर तसंच.”

पाठ रुंद ठेवली. मुंढा, म्हणजे बाही खांद्याला जिथे जोडतात तो घेर, बसून काम करणाऱ्याला शोभेल असा खोल, खाली उतरता. मास्तरांनी कात्री चालवली, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा हात मोकळा चालला, कारण जोखीम आता दुसऱ्या कुणाच्या नजरेची होती.

ट्रायलला माणूस आला. कच्च्या टाक्यांचा कोट अंगावर चढला, पुढून बघितलं, मागून बघितलं, सुरेख बसला होता. मास्तरांनी सुनेकडे डोळ्यांनी खूण केली, तू बोल. हा मान आजवर त्यांनी कुणाला दिला नव्हता. सून खाली वाकून कोटाची किनार सारखी करत राहिली.

“हात वर करून बघितले तर चालेल ना?” गिऱ्हाइकानं विचारलं.

“करा की.”

त्यानं दोन्ही हात उचलले, खांद्याच्या वर, कोपरं बाहेर. आख्खा कोट त्याच्याबरोबर वर चढला, कॉलर कानाला लागली, आणि काखेतले टाके एकामागून एक तटातट तुटले.

“माझंच चुकलं,” तो बिचारा ओशाळून म्हणाला. “आधी सांगायला हवं होतं. मी वाद्यवृंद चालवतो, वादकांसमोर उभा राहून. शनिवारी तासभर हात वरच असणार.”

मास्तरांनी कोट उतरवून घेतला. शनिवारच्या आत मिळेल, काळजी करू नका, म्हणाले. माणूस गेला. मास्तर टेबलाशी बसून तुटलेल्या दोऱ्याचे तुकडे वेचत राहिले. सून समोर उभी होती.

“तू त्या दिवशी म्हणालीस,” त्यांनी मान वर न करता विचारलं, “ते खरं होतं?”

“हो.”

“मधमाश्यावाला?”

“तोसुद्धा.”

“आणि ती डोळेवाली?”

“सगळे, बाबा.” ती घाईनं पुढे बोलत राहिली, थांबलं तर धीर सुटेल म्हणून. “पण तुमची नजर शाबूत आहे. तुम्ही कोपर म्हणाला होतात. तुम्हाला दिसलं होतं, मी मोडता घातला. तुम्ही कात्री सोडू नका, मी पाया पडते.”

मास्तरांनी बाही उसवायला घेतली. त्यांचा हात नेहमीसारखा चालत होता, न बघता, न अडखळता. शिवणीत त्यांनी भरपूर माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडलेली होती, ती नेहमीच सोडायचे. मुंढा वर घेऊन कोट सुधारता येणार होता. त्यांनी खडूची रेघ मारली, एकदाच मारली.

“माझ्या नजरेचं काय घेऊन बसलीस,” ते म्हणाले. “ती आज ना उद्या जायचीच. मी हरत होतो तेव्हा मला वाईट वाटत होतं, असं वाटलं तुला?”

त्यांनी खडूची भुकटी फुंकरीनं उडवली.

“मला वाटलं, चला, नजर घरात राहिली.”

एवढंच बोलून ते कामाला लागले. ते ओरडले असते तर सुनेनं ऐकून घेतलं असतं. रडून मोकळी झाली असती. ती खाली बसली आणि अस्तराची शिवण उसवू लागली, कारण ते काम तिचंच होतं.

शनिवारच्या आत कोट गेला. मास्तरांनी तो गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवला, त्याला हात वर करायला लावले. कोट जागचा हलला नाही. माणूस तोंड भरून आभार मानत गेला. मास्तरांनी कात्री खिळ्याला अडकवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काढली. मुलानं विचारलं, “हंगामानंतर बंद करणार होतात ना?” ते म्हणाले, “कुणाला देऊ?”

टीव्ही मात्र त्या संध्याकाळीही लागला. सासूबाईंनी आवाज वाढवला, मुलानं खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. सुनेला वर यायची इच्छा नव्हती, पण न आली असती तर सासूबाईंनी कारण विचारलं असतं. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. मास्तर बोलले नव्हते आणि तिला तोंड नव्हतं. सासूबाईंच्या लेखी ती अजून मनाची मोठी होती.

पाहुणा येऊन बसला. एक म्हातारा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. पितळी घंटी वाजली.

सुनेनं डोळे मिटले. वर तळवे ठेवले, बोटं एकमेकांत घट्ट अडकवली. कुठे एवढीशी फट राहू दिली नाही. अंधारात तिला सासूबाईंचा श्वास ऐकू येत होता, नवऱ्याचं घोरणं ऐकू येत होतं. मास्तरांच्या खुर्चीचा एक करकर आवाज झाला, कुणीतरी वळून बसावं तसा. ती दुसऱ्या घंटीची वाट बघत राहिली. ती घंटी इतका वेळ घेते, हे तिला इतक्या दिवसांत कळलं नव्हतं.

घंटी झाली. तिनं हात खाली घेतले आणि डोळे उघडले.

मास्तर पडद्याकडे बघत नव्हते. तिच्याकडे बघत होते. पहिल्या घंटीपासून बघत असावेत. या घरात कधीच कुणी कुणाचे डोळे तपासले नव्हते.

“डॉक्टर!” सासूबाई म्हणाल्या.

“तू सांग,” मास्तर सुनेला म्हणाले.

“मला नाही ओळखता येत, बाबा.”

मास्तरांनी मान हलवली आणि टीव्हीकडे वळले. या वेळी त्यांचा विश्वास बसला होता.